चक्रीवादळ आणि त्यानंतरचे तीन आठवडे: कोकणातल्या घरासाठी तयारी

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात वाऱ्याचा खरा जोर काही तासच होता. वीज मात्र अनेक गावांत कित्येक आठवडे आली नाही. ११ जूनला मॉन्सून महाराष्ट्रात दाखल झाला, म्हणजे उडालेलं छप्पर पुन्हा घालायला जेमतेम आठवडा हातात होता. त्यात टाळेबंदी. चाकरमानी मुंबईहून घरी आलेले, बाहेरचे सुतार-गवंडी आपापल्या मुलखात निघून गेलेले, आणि ताडपत्रीसाठी दुकानापुढे रांगा.

वादळाची तयारी म्हटलं की आपण वाऱ्याची तयारी करतो. ती करायचीच. पण सामान भरताना, पैसे खर्च करताना आणि छपरावर चढणारा माणूस शोधताना डोळ्यांपुढे वादळानंतरचे दिवस ठेवा. माझ्या मते घराची परीक्षा तिथे होते. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय. किनाऱ्यावर किंवा खाडीकाठी घर असलेल्यांसाठी, आणि घर गावाला पण स्वतः ठाणे-डोंबिवलीला, अशांसाठीही.

आधी कळतं, पण किती आधी?

अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम: मॉन्सूनच्या तोंडावर मे-जून आणि मॉन्सून परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. हवामान खातं टप्प्याटप्प्याने सूचना देतं. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि शेवटच्या १२ तासांत लाल, ज्यात वादळ किनारा ओलांडून आत कुठे कुठे जाईल तेही असतं. बंदरावरचा बावटा वेगळा. तो होड्यांसाठी असतो, आणि तीन नंबरचा बावटा तर कोकणात पावसाळाभर लागतच असतो. त्यावरून घराचा निर्णय करू नका.

बातम्यांत 'तीव्र चक्रीवादळ' म्हणतात तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ८९ ते ११७ किलोमीटर असतो. त्यापुढे १६५ पर्यंत 'अतितीव्र'. निसर्ग पहिल्या गटातलं होतं. हे आकडे ऐकताना एक हिशेब लक्षात ठेवा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पावसाळ्यात ताशी साठच्या झोताला टिकलेलं छप्पर एकशेवीसलाही टिकेल असं समजणं म्हणजे चौपट मारासमोर नशिबावर हवाला ठेवणं.

नकाशात वादळाचा मार्ग एका रेघेने दाखवतात. रेघ आपल्या गावापासून चाळीस किलोमीटर लांब आहे म्हणून हुश्श करू नका. आपल्याकडे वादळ डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर ईशान्येकडे चढणाऱ्या वादळाच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा थेट समुद्रावरून येऊन भिडतो आणि लाटाही त्याच बाजूला चढतात. दापोली तालुका रेघेच्या दक्षिणेला होता, तरी हर्णै-आंजर्ले-केळशीच्या वाड्यांची काय गत झाली हे तिथल्या कुणालाही विचारा.

राहायचं की निघायचं

हा निर्णय पाण्यावरून घ्यायचा, वाऱ्यावरून नाही. वाऱ्यापासून पक्क्या भिंतीचा आडोसा मिळू शकतो, आत शिरलेल्या समुद्रापासून मिळत नाही. वादळ किनाऱ्यावर येतं तेव्हा समुद्राची पातळी नेहमीच्या भरतीपेक्षा मीटरभर किंवा जास्तही चढते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण त्याला मिळालं तर आणखी वाईट. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणून इशारा आला की आधी कॅलेंडरावर तिथी आणि भरतीची वेळ बघा.

घर समुद्राच्या पुळणीला लागून असेल, खाडीच्या काठी सखल भागात असेल, मागे दरड असेल, किंवा भिंती कुडाच्या-मातीच्या असतील तर लाल इशाऱ्याची वाट न बघता शाळेत, समाजमंदिरात किंवा सड्यावरच्या, म्हणजे उंच माळावरच्या, नातेवाइकांकडे जा. घरात दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसचा रुग्ण किंवा ऑक्सिजनवर असलेलं माणूस असेल तर त्यांना ४८ तास आधीच तालुक्याच्या गावी हलवा. वादळानंतर रस्ता कधी मोकळा होईल, कुणी सांगू शकत नाही. एकेका वळणावर दहा-दहा झाडं आडवी पडतात.

बाकीच्यांनी, म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या किंवा सिमेंटच्या भक्कम भिंतींच्या आणि पाणी न चढणाऱ्या घरातल्यांनी, घरीच राहावं. पण कुठल्या खोलीत बसायचं ते आधी ठरवा. बाहेरच्या भिंती कमी, खिडकी नाही किंवा लहान, अशी आतली खोली चांगली. कौलारू घरात बहुतेक वेळा ते माजघर असतं. हल्ली न्हाणीघर-संडासावर स्लॅब असतो, तीही जागा चालते. आढ्यापर्यंत उंच गेलेली त्रिकोणी भिंत ज्या खोलीला आहे तिथे बसू नका. छप्पर हललं की वरून आधार नसलेली ती भिंत आधी ढासळते.

छप्पर

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि अश्रू इथेच जातात.

वारा छप्पर वर ओढतो. पाख्यावरून झोत वेगाने सरकला की वर ओढ बसते, सगळ्यात जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. त्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार फुटलं की आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो, आणि मग छप्पर जातं. म्हणून 'एखादी खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दाब सारखा होतो' हा जो सल्ला अजून ऐकू येतो, तो मानू नका. सगळ्या खिडक्या, सगळी दारं बंद. आतल्या खोल्यांचीही. दाराला कोयंडा-कडी असेल तर आतून आडणा लावा. एकट्या बोल्टाच्या भरवशावर दार सोडू नका.

मंगलोरी कौलं रिपांवर नुसती बसवलेली असतात, त्यामुळे ती उडणारच. पण कौलं उडाली तरी वासे, रिपा, भाल जागेवर राहतात आणि घर वाचतं. पत्र्याचं उलटं असतं. पत्रा बोल्टांनी घट्ट असतो, पण ज्या पाइपांवर तो बसवला ते पाइप भिंतीत नुसते ठेवलेले असतील तर अख्खा सांगाडा पत्र्यासकट शेजाऱ्याच्या वाडीत जाऊन पडतो. गच्चीवरच्या शेडची हीच गोष्ट. कौलं काढून पत्रे घातले म्हणजे घर भक्कम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या शेडचे खांब कुठे आणि कशाने जखडलेत ते एकदा वर जाऊन बघावं.

एप्रिल-मेमध्ये, शाकारणीच्या वेळेला, करण्यासारखी कामं अशी:

कौलारू घरात पागोळीकडच्या दोन ओळी आणि आढ्याची कोनं (आढ्यावर बसणारी कौलं) पक्की करा. आढ्याला आणि कडेला चुना-सिमेंटचा मसाला घालतात. पागोळीची कौलं मागच्या भोकातून जीआय तार ओवून रिपेला बांधता येतात. वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे लोखंडी पट्टीने तो भिंतीला किंवा भिंतीवरच्या सिमेंटच्या पट्ट्याला जखडून घ्या. हे काम सुताराला सांगावं लागतं. आपणहून कुणी करत नाही.

पत्र्याच्या घरात कडेच्या आणि आढ्याच्या ओळींतले बोल्ट जवळ-जवळ घ्या, गंजलेले बदला, वॉशर तपासा. पत्र्यावर दगड, चिरे, जुने टायर ठेवायची सवय सोडा. ताशी शंभराच्या वाऱ्यात चिरा खाली येतो तो कुणाच्या तरी डोक्यावर. वजन द्यायचंच असेल तर वाळूची पोती, तीही दोरीने एकमेकांना आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीला बांधून.

आणि परसात दोनशे कौलं राखीव ठेवा, आपल्या छपरावर आहेत त्याच कारखान्याची. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. खाचेत केसाएवढी फट राहिली तरी पहिल्याच पावसात भिंतीवर ओघळ येतो. वादळानंतर सगळ्या गावाला एकदम कौलं हवी असतात, तेव्हा जी मिळतील ती घ्यावी लागतात.

घराच्या अंगावर वाकलेल्या फणस-आंब्याच्या फांद्या याच दिवसांत उतरवा. नारळ पाडणारा आला की वाळक्या झावळ्याही काढून घ्या. इशारा आल्यावर तो मिळणार नाही, त्याला शंभर बोलावणी असतात.

आगोट करताना

आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची घरातली बेगमी, भरण्याची रीत आपल्याकडे आहेच. तिच्यातच वादळाचं थोडं वाढवायचं. बदललंय ते एवढंच, की आजचं घर विजेवर चालतं आणि आजीचं चालत नव्हतं.

पहिली गोष्ट विहीर. पंप आल्यापासून बहुतेक विहिरींवरचे रहाट गेले, दोर कुजून गेला, कळशीला भोक. निसर्गनंतर विहिरी तुडुंब आणि घरात घोटभर पाणी नाही अशी अवस्था झाली. विहिरीच्या खोलीपेक्षा दोन-तीन हात लांब नायलॉनचा दोर, एक जड बूड असलेली कळशी आणि लोखंडी कप्पी, एवढं घरात हवंच. इशारा आल्यावर टाकी काठोकाठ भरा. एक तर पाणी होतं, दुसरं म्हणजे हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजनाची होते. रिकामी टाकी उडून कुठे सापडेल याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट दळण. गिरणी विजेवर, मिक्सर विजेवर. गहू, तांदूळ, कुळीथ डब्यात भरलेले असतील आणि पीठ नसेल तर उपयोग काय? इशारा आला की पहिल्या दिवशी दळण आणा. तांदूळ, कुळथाचं पीठ, मेतकूट, पोहे, गूळ, शेंगदाणे, कांदे-बटाटे यांवर पंधरा दिवस सहज निघतात. कुळथाची पिठी आणि भात असला की तक्रारही होत नाही. पाटा-वरवंटा माळ्यावर असेल तर खाली काढा. गॅसचा भरलेला जादा सिलिंडर आणि कोरडा लाकूडफाटा, दोन्ही ठेवा.

तिसरी गोष्ट रोख रक्कम, आणि तीही शंभर-दोनशेच्या नोटांत. वीज नाही, टॉवर नाही, म्हणजे एटीएम नाही आणि फोनवरून पैसे देणंही नाही. पेट्रोल पंपही विजेवर चालतात, तेव्हा गाडीची टाकी आधीच भरा.

औषधं: बीपी, साखर, थायरॉइड, दमा यांची किमान महिनाभराची. इन्सुलिन घेणारे असतील तर फ्रीज बंद पडल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, आत कोरड्या डब्यात ठेवा. फ्रीज न उघडता ठेवला तर चारेक तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही राहतो. त्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात.

उजेडासाठी मेणबत्तीपेक्षा डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. सौर दिवा असेल तर उत्तम. सेलवर चालणारा रेडिओ हा आता विनोदाचा विषय झालाय, पण टॉवर पडल्यावर आकाशवाणीच काय ते सांगते. मोठी पॉवर बँक ठेवा.

एक चांगली जाड ताडपत्री, तुमच्या सगळ्यात मोठ्या खोलीच्या छपराला पुरेल एवढी. तिच्यासोबत लाकडी पट्ट्या, खिळे, हातोडी, जीआय तार, पक्कड, कोयता, करवत. हे सगळं एका जागी, आणि ती जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेली.

कागद: सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, घरपट्टीची पावती, आधार, पासबुक, विमा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या पिंपात. आणि फोटो. घराच्या चारी बाजू, छप्पर, गोठा, पंप, वाडी असे वादळाआधीचे फोटो काढून मुंबईतल्या कुणाला तरी पाठवून ठेवा. वाडीत नारळ किती, पोफळी किती, आंबा किती हे वहीत मोजून लिहा. पडल्यावर मोजता येतील ती पडलेली झाडं. मुळात होती किती, हे सांगणारा कागद हवा.

वादळाचे तास

आदल्या दिवशी अंगणातलं सगळं आत: खुर्च्या, कुंड्या, सायकली, पत्र्याचे तुकडे, झाडाला टेकवलेली शिडी. गुरांची दावी सोडा. पत्र्याच्या गोठ्यात बांधलेलं जनावर छप्पर पडलं की तिथेच अडकतं. मोकळं जनावर आपला आडोसा शोधतं. चारचाकी झाडाखालून काढा. फोन, पॉवर बँक, इन्व्हर्टर पूर्ण चार्ज करा.

वारा वाढू लागला की मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. सगळ्यांनी पायात बूट घालून एका खोलीत बसायचं. चपला नकोत, नंतर घरभर काचा आणि खिळे असतात. मोटरसायकलचं हेल्मेट असेल तर ते लहान मुलाच्या नाहीतर म्हाताऱ्यांच्या डोक्यात घाला. हसू येईल, पण कौल डोक्यात पडतं तेव्हा हसू येत नाही. जड लाकडी पलंग किंवा टेबल खोलीत असू द्या. वरून काही कोसळायला लागलं तर त्याच्याखाली शिरता येतं.

छप्पर जाताना बघायला किंवा ताडपत्री धरायला कुणीही वर चढायचं नाही.

केंद्र तुमच्या गावावरून गेलं तर अचानक सगळं शांत होतं. पाऊस थांबतो, कधी ऊनही दिसतं. पाच-दहा मिनिटं, कधी अर्धा तास. लोक बाहेर येतात, झाडं बघतात, शेजाऱ्याला हाका मारतात. हीच वेळ घात करते. वादळाचा दुसरा अर्धा भाग उलट्या दिशेने येतो: आधी वारा जमिनीकडून, पूर्वेच्या अंगाने असेल तर आता समुद्राकडून, आणि तोही एकदम. पहिल्या वाऱ्याने मुळं सैल झालेली झाडं या दुसऱ्या वाऱ्यात आडवी होतात. तेव्हा शांत झालं तरी आत बसा. रेडिओवर, फोनवर नक्की कळेपर्यंत किंवा उलट वारा येऊन हळूहळू ओसरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पहिलं काम माणसं मोजणं. आपली, मग शेजारची, मग एकटी राहणारी म्हातारी माणसं. फोन लागत नसेल तर एसएमएस करून बघा, कॉल लागत नाही तिथेही तो कधी कधी जातो. सड्यावर रेंज मिळते का बघायला गावातून एकालाच पाठवा, आणि त्याच्याजवळ सगळ्या घरांचे नंबर आणि निरोप लिहून द्या. मुंबईतल्या एकाच नातेवाइकाला निरोप द्यायचा आणि त्याने बाकीच्यांना कळवायचं, हे आधीच ठरलेलं असलं की सगळ्यांची बॅटरी वाचते. मोठ्या आपत्तीत सरकार एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवरून बोलू देतं. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क हाताने निवडून बघा. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिका १०८, विजेची तक्रार १९१२.

तारा. 'खांबच पडलाय, मग वीज कुठून येणार' असं म्हणून तार बाजूला करायला जाऊ नका. कुणीतरी लावलेला जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीतून त्याच तारेत वीज परत ढकलू शकतो. ओल्या जमिनीवर पडलेल्या तारेपासून लांब राहा, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा. स्वतः जनरेटर लावणार असाल तर घराबाहेर, खिडकीपासून दूर. त्याच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, झोपेत माणसं मरतात. आणि तो कधीही भिंतीतल्या सॉकेटमधून घराला जोडू नका.

पडलेली झाडं कापताना घाई करू नका. मुळासकट उपटलेल्या आंब्याचा खोडाकडचा भाग कापला, की मुळांचा मातीसकटचा चकदा वजन कमी झाल्याने धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात मूल खेळत असेल तर ते दिसतही नाही. वाकून अडकलेली फांदी ताणलेली असते. चुकीच्या बाजूने करवत लावली तर ती छातीवर येते. करवतीचं मशीन सराव असलेल्याच्याच हातात द्या. आधी रस्ता मोकळा करा, वाडीचं नंतर.

मग छप्पर. संपूर्ण घर एकदम झाकायचा प्रयत्न करू नका. एक खोली पूर्ण कोरडी करा: जिथे धान्य, कागद, गाद्या आणि झोपायची माणसं मावतील. ताडपत्री आढ्याच्या पलीकडे किमान दोन-तीन हात घ्या, नाहीतर पाणी वरूनच आत येतं. नुसती दोरी बांधू नका, वाऱ्यात फडफडून ती दोन दिवसांत फाटते. कडेवर लाकडी पट्टी ठेवून खिळे मारा. मध्ये झोळ राहू देऊ नका. तिथे पाणी साचून ताडपत्री खाली येते आणि डासही होतात.

सिमेंटचे जुने पत्रे फुटले असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ते ओले करून, तोंडाला कापड बांधून उचला. कोरडे झाडू नका, करवतीने कापू नका. ढीग एका बाजूला झाकून ठेवा.

साप बिळातून निघून घरात, कौलांच्या ढिगात, लाकडांत शिरतात. कोकणात फुरसं सगळ्यात जास्त सापडतं. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं, आणि हात घातल्यावरच कळतं. ढिगारा काठीने हलवल्याशिवाय हात घालायचा नाही. चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. अवयव न हलवता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. रस्ता बंद असेल तर खाटेवरून न्या, पण न्या. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

पाणी

विहिरीत पाला पडलेला, गढूळ पाणी आलेलं, कधी शेजारच्या संडासाच्या टाकीचं पाणीही मिसळलेलं. आधी पाला-कचरा काढा. मग ब्लीचिंग पावडर. सर्वसाधारण प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायचं कसं? व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. येतील ते घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं राहू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडा, दोराने वर-खाली करून मिसळा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका. किमान तासभर पाणी काढायचं नाही. वादळानंतर पाणी गढूळ असतं तेव्हा एवढं पुरत नाही. आरोग्य सेवकाकडून तपासून घेऊन मात्रा वाढवा. जुनी, हवा लागलेली पावडर निकामी असते, तिला उग्र वास येत नाही.

पिण्याचं पाणी तरीही उकळाच. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. आरोग्य केंद्रातून मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनची) बाटली मिळते, ती बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वापरा.

विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं असेल तर पावडरने खारटपणा जात नाही. उपसा करावा लागतो, आणि तोही हळूहळू, दिवसांच्या अंतराने. एकदम तळ गाठलात तर ओल्या मातीच्या दाबाने बांधकाम आत येतं.

नारळाच्या करवंट्या, फुटकी कौलं, ताडपत्रीचे खळगे: यांत आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. दर आठवड्याला पालथं घाला. चिखलात काम करणाऱ्याला ताप येऊन पोटऱ्या दुखायला लागल्या तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पंचनामा आणि पैसा

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांचं पथक कधी येईल सांगता येत नाही, आणि पाऊस त्यांच्यासाठी थांबत नाही. म्हणून आधी फोटो, मग दुरुस्ती. लांबून एक, जवळून चार. फोटोत घर ओळखू येईल अशी एखादी खूण हवी. फुटलेली कौलं, वाकलेले पत्रे टाकून न देता बाजूला रचून ठेवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा: खोल्या किती, झाडं किती, कोणत्या जातीची. प्रत मागा, निदान फोटो काढून घ्या.

कोकणातली खरी अडचण सातबाऱ्यावर असते. आजोबांचं नाव, खाली वीस वारस, त्यातले पाच मुंबईत आणि दोन कुठे ते माहीत नाही. मदत खात्यावर जमा व्हायची तर सहहिस्सेदारांची संमती लागते. वारसनोंद ही वादळानंतर करायची गोष्ट नाही. गणपतीला सगळे एकत्र येतात तेव्हा सह्या घ्या.

दुसरी अडचण मोजमापाची. निसर्गनंतर राज्य सरकारने बागायतीची मदत हेक्टरी ५० हजार केली, आधीच्या दरापेक्षा बरीच जास्त. पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. आपल्या वाड्या दहा-वीस गुंठ्यांच्या, आणि त्यात नारळाखाली पोफळी, पोफळीवर मिरी, मध्ये जायफळ आणि केळ. घाटावरच्या शेताला लावलेलं माप इथे लावलं की नुकसान कागदावर आकसून जातं. म्हणूनच झाडं मोजलेली वही हवी, आणि ग्रामसभेत प्रति झाड मदतीची मागणी लेखी हवी.

घराचा विमा फार थोडे काढतात. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. वादळ, पूर, दरड त्यात येतात. घर वर्षातले बरेच महिने बंद असेल तर तसं कंपनीला लेखी सांगा आणि त्याबद्दलच्या अटी सही करण्याआधी वाचून घ्या.

वाडी

मुळासकट पडलेली पोफळ पुन्हा लागत नाही, मोठा माडही नाही. आंबा-काजूची लहान झाडं मात्र वाचतात. पहिल्या काही दिवसांत फांद्या छाटून भार कमी करा, मुळं उन्हात सुकू देऊ नका, झाड उभं करून माती दाबा, तीन बाजूंनी टेकू द्या. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं, धातूचं भांडं वापरायचं नाही.

पडलेल्या माडांची खोडं वाडीत कुजत ठेवणं हा वादळानंतरचा सगळ्यात महागात पडणारा कंटाळा. त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, जखमी उभ्या माडांत सोंड्या भुंगा शिरतो, आणि वादळातून वाचलेली झाडं पुढच्या दोन वर्षांत शेंड्यातून मरतात. खोडं फाडून चुलीला, कुंपणाला, साकवाला वापरा, किंवा बाहेर काढा. बुंधेही उकरून काढा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात रोपांसाठी नाव लगेच नोंदवा, कारण त्या वर्षी सगळ्यांनाच रोपं हवी असतात. बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो, पोफळही पाच वर्षांच्या आत नाही. तोवर मधल्या जागेत केळ, अळू, सुरण, हळद लावा, निदान वर्षाला हातात काही येईल. नवा माड लावताना तो पूर्ण वाढल्यावर आडवा झाला तर कुठे पडेल ते पावलांनी मोजा, आणि घर, विजेची तार आणि विहीर त्या मापाबाहेर ठेवून मगच खड्डा खणा.